मामाची वही आणि माझं मिनिट

माझ्या बायकोचा मोठा भाऊ. माझी मुलगी त्याला मामा म्हणते, तिचं ऐकून मीही मामा म्हणायला लागलो, आणि आमच्या नौकानयन विद्यालयात तर प्राचार्यांपासून फाटकावरच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळ्यांचाच तो मामा. या माणसावर मी एकतीस वर्षं जळत आलोय. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे त्याच्याबद्दल चुकून काही बरं निघालं, तर ते नाइलाजानं निघालंय हे लक्षात राहील.

आता मी कोण ते. अकरा वर्षं जहाजावर काढली, सेकंड ऑफिसरच्या वर काही गेलो नाही, बायको म्हणाली पुरे आता, म्हणून किनाऱ्यावर येऊन मास्तरकी धरली. मुलं पाठीमागे मला 'सेकंडसाहेब' म्हणतात. मी शिकवतो ते एवढंच, की तारे आणि वेळ हाताशी असले तर आपण पृथ्वीवर नेमके कुठे आहोत ते कसं काढायचं. दिवस बुडाल्यावर वीसेक मिनिटं अशी असतात की तारे दिसायला लागलेले असतात आणि समुद्राची रेघही अजून दिसत असते. तेवढ्यात सेक्स्टंटनं तारा आणि क्षितिज यांच्यातला कोन मोजायचा. आरशातला तारा खाली आणत आणत क्षितिजाला टेकवला की ओरडायचं, "आता!" शेजारी उभ्या असलेल्या माणसानं त्या क्षणाची वेळ लिहायची. मग कोष्टकं उघडून आकडेमोड केली की नकाशावर एक रेघ निघते, आणि आपण त्या रेघेवर कुठेतरी असतो. तीन ताऱ्यांच्या तीन रेघा जिथे भेटतील, ती आपली जागा. पृथ्वी कुणासाठी थांबत नाही, त्यामुळे वेळेत चार सेकंद चुकले की जागा मैलभर सरकते.

म्हणजे तारा घेणारा एक आणि वेळ घेणारा एक, अशी ही जोडी. नाव मात्र तारा घेणाऱ्याचंच होतं. आमच्या विद्यालयाच्या गच्चीवर एक पितळी खिळा ठोकलेला आहे, आणि त्याची जागा मोजणीखात्यानं अगदी पक्की काढून दिलेली आहे. दरवर्षी मुलांनी तारे घेऊन त्या खिळ्याची जागा काढायची आणि किती मैल चुकलो ते बघायचं, ही आमची परीक्षा; हौसेनं मास्तरही हात आजमावतात. आतापर्यंत सगळ्यांत जवळ कोण गेलं त्याची नावं जिन्यातल्या फळ्यावर रंगवलेली आहेत. पहिलं नाव माझं. पाऊण मैल! एकोणीस वर्षं झाली, अजून कुणाला मोडता आलं नाही. दुसऱ्या नंबरला एक मैल आहे. जिना चढताना मी त्या फळ्याकडे बघत नाही असं दाखवतो, पण बघतोच.

मामा त्या फळ्यावर कुठेच नाही, आणि तरी सगळी पोरं त्याच्या खोलीत.

खरं तर त्याला तिथे मीच आणला. आपल्याच हातानं आपल्याच पायावर धोंडा, दुसरं काय. तेव्हा तो एका इमारतीच्या जिन्याखाली घड्याळं दुरुस्त करत बसायचा. वाकूनच आत जावं लागे अशी जागा. लग्न केलं नव्हतं, समोरच्याच गल्लीत एका खोलीत राहायचा. बायकोची रोज भुणभुण, "अहो, दादाचं बघा ना काहीतरी. तुमच्या तिथे घड्याळं असतातच की." घड्याळं होती, तीन क्रोनोमीटर, लाकडी पेट्यांत, काचेच्या झाकणाखाली. त्यांना रोज सकाळी बरोबर आठ वाजता चावी द्यावी लागते. मी शब्द टाकला आणि मामा चिकटला.

तेव्हापासून एकतीस वर्षांत त्यानं एकदाही आठचं सव्वाआठ होऊ दिलं नाही. खोलीत शिरायचा, चप्पल दाराबाहेर, हात पुसायचा, गळ्यातल्या दोरीची चावी काढायची. घड्याळ पेटीतच उलटं करून साडेसात वेढे, तोंडानं मोजत. मग रेडिओवरचा वेळेचा ठोका ऐकायचा आणि कुठलं घड्याळ किती पुढे, किती मागे ते वहीत लिहायचं. क्रोनोमीटरचा काटा कधी फिरवून दुरुस्त करायचा नसतो. ते रोज ठरल्यासारखं चुकतं, आणि चूक ठाऊक असली की गणितात वजा करता येते. दुरुस्त करायला गेलं की ते बिघडतं. मामाला हे मी शिकवलं. पुढे तो मुलांना हे असं सांगायला लागला, की जणू त्याच्या आजोबांनी शोधून काढलं होतं.

आणि हा माणूस कधी समुद्रावर गेलेला नाही! बंदरातून पलीकडे जाणाऱ्या बोटीत बसला की पाचव्या मिनिटाला कठड्यावर वाकतो. तरी परीक्षेला वेळ घ्यायला प्रत्येकाला तोच हवा. वेळ घ्यायची त्याची एक तऱ्हा होती. क्रोनोमीटरशी ताडून घेतलेलं छोटं घड्याळ छातीशी धरून तो मिनिट चालू असताना तोंडानं ते सारखं म्हणत राहायचा. "एकोणतीस चालू... एकोणतीस चालू... तीस चालू..." बाजारात भाव पुकारतात तसा सूर. "आता!" ऐकू आलं की नुसते सेकंद टिपायचे, मिनिट तोंडात तयारच. मी जहाजावर अकरा वर्षं वेळ घेतली, कधी असं गाणं म्हटलं नाही. मी त्याला तोंडावर म्हणालो होतो, "मामा, हे विद्यालय आहे, बस स्टँड नाही." तो नुसता हसला. त्याचं ते हसणंही मला सहन होत नाही.

पण खरी आग लागली ती मुलीमुळे.

लहानपणी शाळा सुटली की ती माझ्या वर्गात यायच्याऐवजी घड्याळांच्या खोलीत जाऊन बसायची. मामानं तिला एक छोटं स्टूल करून दिलं होतं. मला ती 'तुम्ही' म्हणते, त्याला 'तू'. मोठी झाली, आमच्याच विद्यालयात शिकायला आली, माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसली, आणि अडलं की प्रश्न घेऊन गेली कुणाकडे? मी विचारलं तर म्हणाली, "बाबा, तुम्ही उत्तर बरोबर सांगता, पण आधी ओरडता." घरी जेवताना "मामा म्हणतो..." हे दोन शब्द आले नाहीत असा दिवस नाही. बायको कौतुकानं म्हणायची, "भाची मामावर गेलीये." मी पानातून डोकं वर काढायचो नाही. पोर माझी, विषय माझा, आणि नाव मामाचं.

यंदा तिची शेवटची परीक्षा होती. एका जहाजानं तिला घ्यायचं कबूल केलं होतं आणि ते आठच दिवसांनी सुटणार होतं. पास झाली तर जाणार, नाहीतर वर्षभर घरी. आणि परीक्षेच्या तोंडावर मामाच्या डोळ्याचा मोतीबिंदू इतका वाढला, की डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख पुढे ढकलायला साफ नकार दिला. बायको त्याच्याबरोबर दवाखान्यात गेली. जाताना त्यानं गळ्यातली दोरी काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "मेहुणे, आठ वाजता. साडेसात वेढे. आठवा देऊ नका." मला! ज्यानं त्याला शिकवलं त्याला!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चाव्या दिल्या, ठोका ऐकला, आणि त्या दिवसाची चूक लिहायला वही उघडली. घाईत ती मागच्या बाजूनं उघडली गेली. तिथे घड्याळं नव्हती, माणसं होती. प्रत्येक मास्तर, प्रत्येक जुना विद्यार्थी, आणि पुढे त्याची चूक. 'हा अर्धा सेकंद आधी ओरडतो.' 'ही वारा असला की घाई करते.' भाचीच्या पुढे लिहिलं होतं, 'चूक नाही. घाबरली तर पाव सेकंद.' आणि मी होतो. 'मेहुणे. तारा टेकल्यावर खात्री करून मग "आता" म्हणतात. दीड सेकंद उशीर. न सांगता वजा करावा.' खाली, जेव्हा जेव्हा वजा केला त्या तारखा. त्यांत एकोणीस वर्षांपूर्वीची ती तारीखही होती.

मी तिथेच बसून आकडेमोड केली. दीड सेकंद म्हणजे मैलाचा तिसरा हिस्सा, वर थोडं. ते वजा झालं नसतं तर माझा पाऊण मैल एक मैलाच्या पलीकडे गेला असता. म्हणजे फळ्यावर मी दुसरा. एकोणीस वर्षं मी ज्या ओळीकडे चोरून बघत जिना चढलो, ती ओळ या जिन्याखालच्या घड्याळजीनं मला बहाल केली होती, आणि वर कधी बोललाही नव्हता. बोलला असता तर भांडता तरी आलं असतं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वही मिटली आणि मनाशी म्हटलं, आज संध्याकाळी परीक्षेला बघ, वेळ कशी घेतात.

मामा नसल्यानं वेळ मीच घेणार हे ठरलेलंच होतं. गच्चीवर जाताना मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, मिनिट म्हणत राहाल ना? मामासारखं?"

"मला शिकवू नकोस," मी म्हणालो. "तू तारा बघ."

परीक्षेला बाहेरून एक कॅप्टनबाई आल्या होत्या, कमी बोलणाऱ्या, हातात थर्मास. आमची गच्ची भूशिरावर आहे, तीन बाजूंना समुद्र. वारा पडला होता, क्षितिज सुरीनं कापल्यासारखं स्वच्छ. मुलीनं आधी वायव्येला ब्रह्महृदय घेतला. "आता!" लिहिलं. मग दक्षिणेला अगस्त्य. "आता!" लिहिलं. मग ती नैर्ऋत्येकडे वळली, व्याधाकडे. मी तोंड घट्ट मिटून सेकंदकाट्यावर डोळे रोवले होते. दीड सेकंद काय, पाव सेकंदही चुकणार नव्हतो. "आता!" अठ्ठावन्न. अगदी अठ्ठावन्न! मग मिनिटकाटा बघितला, तो बेचाळीसवर. बेचाळीस मिनिटं, अठ्ठावन्न सेकंद. खाली माझी सही.

ती खोलीत बसून गणित करू लागली. मी दाराशी उभा. दोन रेघा खिळ्याजवळ झकास भेटल्या. तिसरी तिनं काढली आणि पेन्सिल थांबली. व्याधाची रेघ पार पश्चिमेला, बारा मैल समुद्रात. तिनं पुन्हा गणित केलं. पुन्हा तिथेच.

मला तिथूनच कळलं. बारा मैल म्हणजे या दिशेला बरोबर एक मिनिट. अठ्ठावन्न सेकंदांना मिनिटकाटा पुढच्या खुणेवर जवळजवळ पोचलेलाच दिसतो. सेकंदांवर डोळे लावून बसलेला माणूस मग मान वळवून मिनिट बघतो आणि पुढचं लिहितो. खरी वेळ होती एक्केचाळीस अठ्ठावन्न. ही चूक मी तीस वर्षं वर्गात सांगतोय. आणि ती होऊ नये म्हणूनच मामा ते गाणं म्हणतो.

कॅप्टनबाईंनी नकाशा बघितला. "हे काय झालं?"

"माझा हात हलला असेल," मुलगी म्हणाली.

"हात हलून बारा मैल जात नाही."

वेळेचा कागद माझ्या सहीचा होता, त्यात खाडाखोड करायचा तिला अधिकार नव्हता. वेळ घेणाऱ्यानं स्वतःची चूक लिहून दिली तर दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा संधी, असा नियम. बाईंनी थर्मासमधला चहा ओतला, दोन घोट घेतले, शेरा लिहायला पेनाचं टोपण काढलं. आणि मी, तिचा बाप, तिथे उभा राहून काय विचार करत होतो? की मी तोंड उघडलं तर उद्या सगळं विद्यालय म्हणेल, मामा नव्हता म्हणून घोटाळा झाला. लाज वाटते सांगायला, पण त्या चहाच्या दोन घोटांएवढा वेळ मी पोरीचं जहाज जाऊ देत होतो. मग तिनं डोळे पुसले. रडत नव्हती, चष्मा वर करून नुसते पुसले, आणि पेन्सिल नीट पेटीत ठेवली.

"मिनिट माझं चुकलं," मी म्हणालो. "एक्केचाळीस होतं. मी बेचाळीस लिहिलं. द्या कागद."

बाईंनी कागद सरकवला. "उद्या वेळ कोण घेणार?"

"दुसरे सर आहेत," मी म्हणालो.

"बाबाच घेतील," मुलगी म्हणाली.

घरी चालत जाताना मी विचारलं, "तुला टेबलावरच कळलं होतं ना?"

"हो. अठ्ठावन्न दिसले तेव्हाच."

"मग सांगितलं का नाहीस?"

"मामा म्हणतो, वेळ घेणाऱ्याची चूक वेळ घेणाऱ्यानंच सांगायची. तारा घेणाऱ्यानं नाही."

म्हणजे माझी अब्रू तिनं राखली, तीही मामाच्या शिकवणीनं. मी रस्त्यावरचा एक दगड लाथेनं उडवला. तो लागला मलाच.

दुसऱ्या संध्याकाळी मी घड्याळ छातीशी धरलं. पहिल्यांदा आवाज फुटेना. मग म्हणालो, "छत्तीस चालू... छत्तीस चालू... सदतीस चालू..." सूरही तोच आला, भाव पुकारल्यासारखा. एकतीस वर्षं ऐकलेलं कुठे जाणार? मुलगी सेक्स्टंटला डोळा लावून हसली, आणि मग एकामागून एक तीन तारे घेतले. खिळ्यापासून दीड मैल. पास. फळ्यावर जाण्याइतकं नाही, पण जहाजावर जाण्याइतकं पुरेसं.

ती गेली. दोन महिन्यांनी एका सकाळी मामा घड्याळांच्या खोलीतून हातात पाकीट घेऊन माझ्याकडे आला. परदेशी तिकीट, मुलीचं अक्षर, आणि वर नाव मामाचं. आम्हाला आई-बापांना दर पंधरा दिवसांनी फोनवर दोन मिनिटं, आणि त्याला चार पानी पत्र! माझ्या पोटात जे दुखलं ते मी चेहऱ्यावर येऊ दिलं नाही.

"मेहुणे, वाचा ना," तो म्हणाला. "लांबचं झकास दिसतंय, पण जवळची अक्षरं अजून भुरकट. चष्मा पुढच्या आठवड्यात मिळणार."

तो स्टुलावर बसला, हात मांडीवर. मी वाचायला लागलो. तीन दिवस ओकले रे मामा, तुझीच भाची शोभले. खोली एवढीशी आहे, पण खिडकीतून क्षितिज दिसतं. मामा खुदुखुदु हसत होता. मग पुढचं पान उलटलं. तिथे लिहिलं होतं: 'इथे माझी वेळ घ्यायला एक जण आहे, पण तो मिनिट म्हणत नाही. मी त्याला सांगितलं, माझे बाबा कसे म्हणतात ते बघ, आणि म्हणून दाखवलं. आता जहाजावर सगळे तसंच म्हणतात. त्याला ते बाबांची पद्धत म्हणतात.'

मी थांबलो.

वीस वर्षं ज्या वाक्यासाठी मी जेवताना मान खाली घालून बसलो होतो, ते वाक्य हेच. तिच्या हातचं, शाईनं लिहिलेलं. आणि ते खोटं होतं. पद्धत माझी नव्हतीच. तिला बहुतेक शेवटची ती संध्याकाळच आठवत असेल.

"काय झालं? अक्षर लागत नाही?" मामानं विचारलं.

"लागतंय," मी म्हणालो, आणि वाचलं, "मी त्याला सांगितलं, माझा मामा कसा म्हणतो ते बघ, आणि म्हणून दाखवलं. आता जहाजावर सगळे तसंच म्हणतात. त्याला ते मामाची पद्धत म्हणतात."

मामाच्या नव्या डोळ्यातून पाणी आलं, ते त्यानं घड्याळं पुसायच्या फडक्यानं टिपलं. मग म्हणाला, "ती ओळ परत वाचता?"

मी परत वाचली. पहिल्यांदा वाचली होती तशीच येईल याची काळजी घेत वाचली.

"हिला दाखवतो," असं म्हणून पत्र मी खिशात घातलं. पुढच्या आठवड्यात मामाचा चष्मा आला आणि त्यानं पत्र मागितलं. मी सांगितलं, हरवलं. तो मनापासून चिडला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा! "एवढं जपून ठेवायची वस्तू, आणि तुम्ही म्हणजे ना, मेहुणे!" तो माझ्याशी दोन दिवस बोलला नाही.

पत्र माझ्या कोष्टकांच्या पुस्तकात आहे. सकाळी लवकर येऊन त्यातली ती एक ओळ मी वाचतो. आठ वाजत आले, की मामा घड्याळांच्या खोलीचं कुलूप काढतो, तेव्हा मी पुस्तक मिटतो.